वर्कशॉपमधील जुना लेथ : आटे कसे पडतात आणि भिंतीवरची चाके कशाला?



वार्षिक सभा आटोपली की बरेच सभासद कारखान्यात एक फेरी मारतात. मिल, बॉयलिंग हाउस, साखरेचे गोडाऊन बघून झाले की काही जण वर्कशॉपकडेही वळतात. तिथे कोपऱ्यात एक जुना लेथ आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली लहान-मोठी दात्यांची चाके आहेत. ती पाहिली की एक प्रश्न हमखास येतो, "हे भंगार अजून ठेवलंय कशाला?"

प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा आहे, जागाही त्यांचीच. बिडाला आणि पोलादाला भाव आहे. भंगाराचा लिलाव होतच असतो, त्यात ही चाके वजनावर घातली तर चार पैसे येतील असे कुणालाही वाटेल. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा ऐसपैस देतो. ते समजायला लेथवर आटे कसे पडतात एवढे कळले पाहिजे, आणि ज्याला उसाच्या बिलातला गुणाकार-भागाकार तपासता येतो त्याला हे सहज कळेल.

आटा म्हणजे काय? दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटाचा रस्ता डोंगराला वळसे घेत वर जातो, तसाच. नट एक फेरा फिरवला की तो दांड्यावर जेवढा पुढे सरकतो तेवढे दोन आट्यांमधले अंतर. इंग्रजी पद्धतीत हे अंतर सांगत नाहीत, एका इंचात आटे किती ते सांगतात. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे आपल्या बोलीत चार सुती, व्हिटवर्थ बोल्टाला इंचाला १२ आटे. पाऊण इंचीला १०. एक इंचीला ८. मेट्रिक पद्धतीत सरळ अंतरच सांगतात. २० मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचे अंतर अडीच मिलिमीटर.

आता लेथ. लेथमध्ये काम, म्हणजे ज्याला टर्नर लोक जॉब म्हणतात तो, चकमध्ये आवळलेला असतो आणि गरगर फिरतो. पटाशी, म्हणजे टूल, जागेवर धरलेली असते आणि बाजूने सरकते. जॉब एक फेरा फिरताना टूल जर बरोबर एक अष्टमांश इंच सरकले, तर इंचाला ८ आटे पडतात. सगळी मेख या 'बरोबर' शब्दात आहे. हाताने सरकवून हे जमत नाही. पूर्वी कारागीर हातानेच आटे काढीत, आणि मग एका बोल्टाचा नट दुसऱ्या बोल्टाला लागत नसे. प्रत्येक नटाचे आपल्या बोल्टाशीच लग्न लागलेले. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास फिरणारा जॉब आणि सरकणारे टूल दात्यांच्या चाकांनी एकमेकांना बांधून टाकले, आणि त्याच्याकडे काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली कोणत्या जाडीच्या बोल्टाला किती आटे असावेत याचे प्रमाण सुचवले. आपल्या फिटरच्या तोंडी असलेले 'बी.एस.डब्ल्यू.' ते हेच.

लेथ समोरून बघा. बेडच्या लांबीइतका एक आट्यांचा दांडा आडवा दिसतो. हा लीड स्क्रू. आपल्या लेथच्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत. तो एक फेरा फिरला की टूल धरणारी सॅडल पाव इंच सरकते. लेथ नवीन आटे मनाने काढत नाही. आपल्याच अंगावरच्या या आट्यांची तो लहान-मोठी नक्कल करतो. किती लहान, किती मोठी, हे डाव्या टोकाच्या झाकणाआड बसवलेली चाके ठरवतात.

सायकलचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या चाकाला ४८ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १६ असतील तर पायडल एकदा फिरले की मागचे चाक तीनदा फिरते. लेथमध्ये साखळी नाही, दाते दात्यांत बसतात, पण हिशेब तोच. वरचे चाक जॉबबरोबर फिरते, खालचे लीड स्क्रूवर असते. वर २० दाते आणि खाली ४० असतील तर जॉबच्या एका फेऱ्याला लीड स्क्रू अर्धाच फिरतो. अर्धा फेरा म्हणजे पाव इंचाचा निम्मा, एक अष्टमांश इंच. झाले इंचाला ८ आटे.

इथून पुढे एक सोपी खूण लक्षात ठेवा. वर २० चे चाक घालायचे आणि खाली, इंचाला जितके आटे हवेत त्याच्या पाचपट दात्यांचे. १२ आटे हवेत तर खाली ६०. १० हवेत तर ५०. ११ हवेत तर ५५; पाच सुती बोल्टाला ११, आणि आपल्या शेतावरच्या एक इंचाच्या आणि त्यावरच्या जी.आय. पाइपालाही ११ च. हे पाचपट का? लीड स्क्रूचे आटे ४, त्याची पाचपट २०, ते वरती. हव्या त्या आट्यांची पाचपट खालती. चार दात्यांचे चाक कुणी करत नाही, म्हणून दोन्हीकडे पाचाने गुणून घेतले, एवढेच. भिंतीवरची चाके २०, २५, ३०, ३५ अशी पाचापाचाने १२० पर्यंत चढत जातात त्याचे कारण हे आहे. तो आट्यांचा पाढा आहे.

कुठे अपूर्णांक आला तर दुप्पट करायची. दोन इंची व्हिटवर्थ बोल्टाला इंचाला साडेचार आटे असतात. पाचपट साडेबावीस. अर्धा दाता कुठून आणणार? म्हणून वर ४० आणि खाली ४५.

बारीक आटे हवे असतील, समजा इंचाला ४०, तर खाली २०० दात्यांचे चाक लागेल. एवढे मोठे चाक लेथवर मावणारच नाही. मग मधल्या एका पिनीवर दोन चाके जोडीने बसवतात आणि काम दोन टप्प्यांत वाटून घेतात. २० ने ५० ला फिरवायचे, त्याच पिनीवरच्या २५ ने १०० ला. पहिल्या टप्प्यात दोन पंचमांश, दुसऱ्यात एक चतुर्थांश, मिळून एक दशांश. हिशेब जमला.

वर्कशॉप पाहायला आलेले सभासद इथे एक शंका काढतात. वरच्या आणि खालच्या चाकाच्या मध्ये एक तिसरेच चाक असते, त्याचे दाते मोजायचे की नाही? ते एकटेच असेल तर मोजायचे नाहीत. गोडाऊनमध्ये हमाल ओळीने उभे राहून पोती हातोहात पुढे देतात ते आठवा. मधला हमाल उंच असो की ठेंगणा, पहिल्याने जेवढी पोती दिली तेवढीच शेवटच्याला मिळतात. मधले चाक तसेच आहे. वरून एक दाता आला की ते खाली एक दाता ढकलते. त्याने फरक पडतो तो फक्त दिशेत. मध्ये आणखी एक चाक आले की लीड स्क्रू उलटा फिरतो आणि आटे डावे पडतात. डावे आटे पाहायचे असतील तर लांब जायला नको. ट्रॅक्टरच्या मागची टॉप लिंक पाहा. मधली नळी एकाच बाजूला फिरवली तरी दोन्ही टोके एकदम आत येतात किंवा बाहेर जातात. कारण एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे.

इथपर्यंत सगळे इंचाइंचात चालले. खरी अडचण आणि भिंतीवरच्या चाकांचे खरे मोल पुढे आहे.

इंच आणि मिलिमीटर यांचे भांडण

आपल्या राज्यात सहकारी कारखानदारी उभी राहू लागली तेव्हा बरीच यंत्रसामग्री परदेशातून आली, आणि इंग्लंडहून आलेल्या यंत्रांचे सगळे बोल्ट इंची. १९५६ साली आपल्याकडे मेट्रिक वजन-मापाचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजार टप्प्याटप्प्याने मिलिमीटरवर आला. पण यंत्रे कायद्याने बदलत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षे चालणाऱ्या मिलवर मूळचा बोल्ट इंची असतो, शेजारी नंतर बसवलेल्या गिअरबॉक्सचा मिलिमीटरचा. ट्रॅक्टरचीही तीच गत. जुन्या विलायती वळणाच्या ट्रॅक्टरला इंची बोल्ट, त्यातही अमेरिकन पद्धतीचे वेगळे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला १२ आटे, तर त्याच जाडीच्या अमेरिकन जाड्या आट्यांच्या बोल्टाला १३. नट दोन आटे चढतो आणि मग अडतो. 'गंज आला असेल' म्हणून आपला माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो, आणि नट-बोल्ट दोन्ही सोलले जातात. दोष गंजाचा नसतो, तेराव्या आट्याचा असतो.

आता इंचाला ४ आटे असलेल्या लीड स्क्रूवर अडीच मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. २५.४ ला अडीचने भागले तर इंचाला १०.१६ आटे आले. वरच्या खुणेप्रमाणे खाली त्याची पाचपट, म्हणजे ५०.८ दात्यांचे चाक पाहिजे. असे चाक नसते. मग दोन्हीकडे अडीचने गुणा. वरच्या २० चे होतात ५०, आणि खालच्या ५०.८ चे होतात १२७. बरोबर १२७, कमी नाही, जास्त नाही.

भिंतीवर सगळ्यात मोठे जे चाक टांगले आहे, पाचाच्या पाढ्यात न बसणारे, ते हे १२७ दात्यांचे. २५.४ ची पाचपट १२७. इंच आणि मिलिमीटर यांच्यात दुभाषाचे काम करणारे हे एकटे चाक आहे. ते खाली बसवले की मेट्रिक हिशेब इंचीपेक्षाही सोपा होतो. मिलिमीटरमध्ये जेवढे अंतर हवे त्याच्या वीसपट दात्यांचे चाक वर घालायचे. दोन मिलिमीटरला ४०, अडीचला ५०, तीनला ६०, साडेतीनला ७०. पावणेदोनलासुद्धा ३५ चे चाक लागू पडते. ज्यांच्याकडे मेट्रिक लीड स्क्रूचा लेथ आहे त्यांना इंची आट्यांसाठी हेच चाक उलट बाजूला, म्हणजे वर, घालावे लागते. दुभाषा दोन्हीकडून लागतोच.

कुणी म्हणेल, १२७ नसेल तर दुसरी दोन चाके जुळवून काम भागवू. भागत नाही. १२७ ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. १२० ला ६० आणि २ मध्ये फोडता येते, तसे १२७ ला फोडता येत नाही. कुणी १२५ चे चाक घातले तर अडीच मिलिमीटरऐवजी इंचाला १० आटे पडतील, म्हणजे २.५४ मिलिमीटर. एका आट्याला चार शतांश मिलिमीटर ही चूक डोळ्याला दिसतही नाही. पण ती दर आट्याला साठत जाते. सोळा मिलिमीटर उंचीच्या नटात सहा आट्यांवर पाव मिलिमीटर फरक होतो आणि नट मध्येच आवळतो.

ज्या लहान लेथवर १२७ चे चाक मावत नाही तिथे ६३ दात्यांचे चाक देतात, आणि ते जर नीट वापरले तर गणित जवळपास बिनचूक येते. अडीच मिलिमीटरसाठी पहिल्या टप्प्यात ६३ आणि ८०, दुसऱ्यात ५० आणि १००. एक मीटर लांब आट्यांत चूक येते ती अवघी एक अष्टमांश मिलिमीटर. साध्या नट-बोल्टासाठी हे भरपूर झाले. पण आपल्या संचात ६३ चे चाक नाही, १२७ चेच आहे.

आणि हे चाक गेले तर नवे करून घेणेही तसे सोपे नाही. लहान वर्कशॉपमध्ये चाकाचे दाते मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून पाडतात. त्याच्या भोकांच्या तबकड्यांवर साध्या पद्धतीने १२७ भाग पडत नाहीत. त्यासाठी हेडला वेगळे गिअर जोडून करायची निराळी पद्धत लागते, किंवा हॉबिंग मशीनवाल्याकडे जावे लागते. लिलावात किलोच्या भावाने गेलेली वस्तू परत आणताना तो किलोच्या भावाने देणार नाही.

चाके बसवताना

हे थोडे आमच्या खात्यातल्या मुलांसाठी, पण सभासदांनाही वाचायला हरकत नाही.

दोन चाके एकमेकांत अगदी दाबून बसवली तर ती रडतात आणि दाते झिजतात. फार सैल ठेवली तर धक्का बसतो. जुन्या टर्नरची पद्धत अशी की दात्यांमध्ये कागदाची पट्टी ठेवून चाके जुळवायची, नट आवळायचे, मग हाताने फिरवून पट्टी काढून घ्यायची. तेवढी फट पुरेशी. या पत्रिकेचा जुना अंक त्या कामाला उत्तम!

मशीन सुरू करण्याआधी चक हाताने फिरवून बघावा. इंचाला ८ आटे पाडायचे असतील तर चकवर खडूची खूण करून बरोबर ८ फेरे द्यावेत. सॅडल एक इंच सरकली पाहिजे. नाही सरकली तर हिशेबात किंवा वरच्या बाजूच्या चाकांत काहीतरी वेगळे आहे. काही लेथमध्ये स्पिंडल आणि वरचे चाक एका गतीने फिरत नाही, तेव्हा ही तपासणी सोडू नये. नंतर पहिला कट नुसता ओरखडा उमटेल इतकाच घ्यावा आणि पट्टी लावून आटे मोजावेत.

आटे एका कटात होत नाहीत. दर वेळी टूल मागे आणून पुन्हा त्याच घळीत घालावे लागते. सॅडल लीड स्क्रूला पकडणारा जो हाफ नट आहे तो इंचाला ८, १२, १६ अशा चाराने भाग जाणाऱ्या आट्यांना कुठेही मिटला तरी टूल बरोबर जुन्या घळीत येते, कारण लीड स्क्रूचे आटे ४. दहा-अकरा आट्यांना तसे होत नाही, तिथे डायलवरची खूण पाहून मिटावा लागतो. आणि १२७ चे चाक लावून मेट्रिक आटे पाडताना तर हाफ नट उघडायचाच नाही. टूल बाहेर ओढून मशीन उलटे फिरवून मागे यायचे. वेळ लागतो, पण हाफ नट एकदा उघडला तर पुढचा कट आट्यांच्या बोडक्यावर चालतो आणि तासाभराचे काम वाया जाते.

मग ही उठाठेव कशाला?

आजच्या दिवसात साधे बोल्ट लेथवर करण्यात अर्थ नाही हे मान्य. ते तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त मिळतात. पुण्या-कोल्हापुराकडे संगणकावर चालणारे लेथ आहेत. त्यांत जॉबचे फेरे आणि टूलचे सरकणे विजेच्या हिशेबाने जुळवलेले असते, चाके बदलावी लागत नाहीत, आणि इंच काय, मिलिमीटर काय, त्यांना सारखेच. मधल्या काळातले लेथही, मग ते किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला काढलेल्या कारखान्यातले असोत की १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या एच.एम.टी.चे, बहुतेक गिअरबॉक्सवाले. हँडल फिरवले की इंची आटे बदलतात. जमेल तेव्हा असा एखादा चांगला लेथ आपणही घ्यावा, असे माझे मत आहे. जुन्यावर प्रेम म्हणून जुने ठेवा असे मी म्हणत नाही.

पण कारखान्याची मोडतोड दुकानाच्या वेळा बघून होत नाही. गाळप जोरात असताना रात्री अडीच वाजता रसाच्या व्हॉल्व्हचा स्पिंडल तुटतो, पंपाच्या शाफ्टवरचा स्लीव्ह नट सोलला जातो, नाहीतर मिलचा एखादा लांब स्टड जातो. असल्या वस्तू दुकानात नसतात. संगणकाच्या लेथवाल्याला आमचा एकच नग करण्यात रस नसतो, शिवाय तो सकाळी दहाला उघडणार. तोवर मिल उभी. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे, आणि त्यांतला तोडलेला ऊस वाळतो आहे. तोडलेल्या उसाचे वजन घटते आणि उताराही घसरतो, हे सभासदांना मी सांगायला नको. तो ऊस कुणाचा, तेही सांगायला नको. अशा रात्री योग्य चाके हाताशी असली तर दोन-तीन तासांत काम उरकते. एक चाक जरी कमी असले तरी उरलेली सगळी असून उपयोग नाही, कारण नेमके तेच लागते. चाके गेलेला लेथ पाहण्यात आहे. तो नुसता दांडे घासायच्या कामाचा राहतो.

म्हणून संचालक मंडळाला आमची विनंती एवढीच आहे की पुढे-मागे हा लेथ विकायचा ठरलाच तर चाकांसकट, लेथ म्हणून विकावा. चाके वेगळी काढून भंगारात घालू नयेत. चाकांवर दात्यांचा आकडा ठोकलेला आहेच, आता भिंतीवर प्रत्येक खिळ्याखालीही तोच आकडा रंगवला आहे. एखादा खिळा रिकामा दिसला की त्याच दिवशी कळते.

ऑफ सीझनमध्ये काही सभासद आपली कामे विचारायला येतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. कुठल्याही लेथवाल्याकडे आटे पाडायला जाताना नुसते माप सांगू नका, जुना तुकडा आणि त्याचा नट दोन्ही घेऊन जा. घरी तपासायचे असेल तर मुलांची शाळेची पट्टी पुरते. पट्टी आट्यांवर आडवी धरा आणि वीस आटे किती जागेत बसतात ते मोजा. बरोबर ५० मिलिमीटर भरले तर अडीच मिलिमीटरचे मेट्रिक आटे. पावणेएक्कावन्नच्या जरा पुढे गेले तर इंचाला दहाचे इंची. दोन-चार आटे मोजून हा फरक कळणार नाही, लांबी जास्त घ्यावी. आट्यांत माती-ग्रीस असेल तर आधी रॉकेल किंवा डिझेलने धुऊन घ्यावे.